उकंडाजींनी गोड सोडलं

वणी तालुक्यात दोन्ही घरं राजी असूनही एखादी सोयरीक अडून बसली, की कोणी ना कोणी म्हणणारच, "उकंडाजीले बोलवा ना जी." उकंडाजी टोंगे. नाव ऐकून हसू नका, उकंडा म्हणजे उकिरडाच. आधीची दोन लेकरं हाताला लागली नाहीत, म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत घरात आणलं. उकिरड्यावर टाकलेल्या पोराकडे यमही ढुंकून पाहत नाही, अशी आपल्याकडची समजूत. आणि खरोखर यम फिरकला नाही. साठी उलटेपर्यंत या माणसाला ताप सोडला तर दुसरा आजार माहीत नव्हता.

नोकरी होती राजूरकडे, कोळशाच्या काट्यावर. भरलेला ट्रक काट्यावर चढला, की त्याचं वजन घ्यायचं आणि चिठ्ठी द्यायची, बस. पण उकंडाजींना माणूस नुसता पुढे सोडून देणं जमायचंच नाही. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून चिठ्ठी मागतोय आणि हे विचारताहेत, "कोणतं गाव? कोणाचे तुम्ही? मामकूळ कोणतं?" मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्ला, आणि इथे मामकुळाची चौकशी चाललेली. ड्रायव्हर वैतागायचे, शिवी हासडायचे, पण सांगायचे. असं करता करता कोणत्या घरात पोरगा लग्नाचा झाला, कोणाची पोरगी शिकून बसली आहे, कोणते सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत, सगळं या माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं. रिटायर झाल्यावर ते रिकामे बसले असते तरच नवल. सोयरिकी जुळवायला लागले. टॉवेल-टोपीशिवाय कोणाकडून काही घेतलं नाही. कामाचा नाद, दुसरं काय.

पण या नादात एक गोम आहे बरं का. सोयरीक जुळवणाऱ्याचं पोट स्वतःचं राहत नाही. पोरगी पाहायला गेलं की पोहे आणि साखरेनं घट्ट झालेला चहा. पसंती आली की पेढा. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, त्याला बुंदी. लग्नाची तर गोष्टच सोडा. आणि नाही म्हणायची सोय नाही. चहा तसाच ठेवला तर मुलीकडचे म्हणतात, याला स्थळ पटलेलं दिसत नाही. पेढा अर्धा ठेवला तर मुलाकडच्यांची चुळबुळ सुरू होते, की याला पोरीतलं काहीतरी ठाऊक आहे. मारेगावकडे एकदा उकंडाजींचं पोट बिघडलेलं होतं, म्हणून पेढा ताटलीत राहिला, तर चांगली जुळलेली सोयरीक त्या पेढ्यापायी आठ दिवस लोंबकळली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. पुढ्यात येईल ते पोटात घालायचं.

मग शुगर निघाली. डोळ्यांचा नंबर काढायला सरकारी दवाखान्यात गेले होते, तिथं रक्त घेतलं आणि आकडा पाहून सिस्टर म्हणाली, काका, बसा जरा. गोळ्या मिळाल्या. उकंडाजींनी त्या दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवल्या आणि घरात कोणाजवळ ब्र काढला नाही.

कारण सांगतो. सोयरिकीत काही प्रश्न असे असतात की ते बैठकीत विचारत नाहीत. हात धुवायला बाहेर गेल्यावर, नळापाशी, आवाज खाली घेऊन विचारतात. "घरात मिरगी? कोड? शुगर-बिगर?" हे विचारण्यात उकंडाजींचा हात कोणी धरला नसता. उत्तर हो आलं, की ते काही बोलत नसत. हात पुसत आत येत आणि त्या स्थळाचा विषय पुन्हा काढत नसत. अशी किती घरं त्यांनी गुपचूप बाजूला सारली असतील, त्यांचं त्यांनाच ठाऊक. आणि आता त्यांच्याच घरात सर्वांत धाकटी रुपाली लग्नाची होती. सत्तावीस ओलांडलेली, वणीत शाळेवर शिकवणारी, बापासारखी बोलकी नाही, पण बापाहून समजदार. बापाला शुगर म्हणजे उद्या पोरीला, हे लोक कसं बोलतील ते उकंडाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. आजवर ते तेच बोलत आले होते.

तेव्हा त्यांनी आपला इलाज आपण सुरू केला. न्हाव्यानं कारल्याचा रस सांगितला, जुन्या ड्रायव्हरनं जांभळाच्या बियांची पूड सांगितली, कोणी मेथ्या, कोणी कडुनिंब. हे सगळंच घ्यायचे. सकाळी तोंड वेडंवाकडं करून पेलाभर कारलं प्यायचं आणि दिवसभर घरोघर पेढे खायचे. कडवट पोटात गेलं म्हणजे गोड फिटलं, असा त्यांचा हिशेब. गोळी आठवली तर घ्यायची. बायकोनं, भागीरथाबाईनं विचारलं, हे कारल्याचं काय नवीन, तर म्हणाले, "पोट साफ राह्यते."

वैशाखातली गोष्ट. कायरकडून एक बैठक आटोपून उकंडाजी भर दुपारी घरी आले, चपला काढल्या आणि आत जाऊन पाणी प्यायले. भागीरथाबाई मागून आली, फरशीकडे पाहून थबकली.

"हे रगत कोणाचं?"

"कुठं रगत?"

दारापासून माठापर्यंत पावलाचे लाल ठसे उमटले होते. एकाच पायाचे. भागीरथाबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाय वर घेतला. चपलेचा खिळा वर आला होता आणि दिवसभर तळव्यात रुतून रुतून त्यानं बोटाखाली भोक पाडलं होतं. उकंडाजी आपल्याच पायाकडे दुसऱ्या कोणाचा पाय असल्यासारखे पाहत राहिले. दुखत नव्हतं. खिळा शिरला, रक्त आलं, बस पकडली, गावात फिरले, पोहे खाल्ले, आणि दुखलं नव्हतं. तेव्हा हा माणूस खरा घाबरला. घाबरला तसा सगळं बोलून गेला, डबा दाखवला. भागीरथाबाई रागावली नाही. तिनं जखम धुतली, रुपालीला शाळेत फोन लावला, आणि तिघं मिळून दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टर केतकी मॅडम वयानं रुपालीएवढ्या, पण बोलण्यात खमक्या. जखम साफ करता करता त्यांनी सगळी कहाणी ऐकली. म्हणाल्या, "काका, कारलं खा. भाजी करून खा, मस्त लागते. पण कारलं म्हणजे खोडरबर नाही, वरचा पेढा पुसायला. गोळी रोजची. ती मी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. आणि ताटातलं, चालणं, झोप, हे गोळीइतकंच औषध आहे. ते कोणी दुसरं तुमच्यासाठी घेऊ शकत नाही." मग आवाज जरा खाली आला. "पायाची नस मंदावली आहे. ही जखम भरेल. पुढची भरेलच असं मी म्हणणार नाही. आधी बोट काढावं लागतं, मग पाऊल."

त्या दिवसापासून घरातलं राज्य भागीरथाबाईच्या हाती गेलं. ज्वारी बरी असते हे ऐकून उकंडाजींनी पहिल्याच जेवणाला चौथी भाकर मागितली, तर ती म्हणाली, "डॉक्टरीन बाईनं ज्वारी खा म्हटलं. पोतं खा नाही म्हटलं." अर्धं ताट भाजीचं. अंबाडी, तरोटा, वांगं, जे मिळेल ते. जवसाची चटणी, पातळ ताक, भाताचा डाव लहान झाला. जखम भरली तसे पांढरे कॅनव्हासचे बूट आले, आणि पायजाम्याखाली ते बूट घालून उकंडाजी निर्गुडा नदीच्या पुलाकडे फिरायला जाऊ लागले. सकाळी एकदा आणि जेवण झालं की पुन्हा जरासं. पहिले काही दिवस ओळखीचे हसले. "काय उकंडाजी, पोलीस भरती हाय काय?" हे म्हणत, "हो, तुह्याच जागेवर." मग कोणी हसेनासं झालं.

आणि संध्याकाळी दिवेलागणीला भागीरथाबाई ओट्यावर बसून त्यांचे पाय मांडीवर घ्यायची. मोबाइलचा उजेड पाडून एकेक बोट उघडून पाहायची, कुठं चीर, कुठं फोड, कुठं काटा. आजवर सणावाराला पाया पडायचं एवढाच तिचा त्या पायांशी संबंध. पहिल्या दिवशी उकंडाजी लाजून पाय ओढून घ्यायला लागले, तर तिनं घोटा गच्च धरला. त्यांना भरून आलं. रस्त्याकडे पाहत बसले.

घरातलं असं मार्गी लागलं. पण बाहेरच्या घरांचं काय करायचं? जखम भरल्यावर पहिल्या सोयरिकीला पुन्हा कायरलाच गेले, पसंती झाली आणि पेढ्यांची ताटली समोर आली. घरची म्हातारी, पोरीची आजी, स्वतः पेढा उचलून तोंडाशी आणत होती. शुगर आहे म्हणावं तर आज संध्याकाळपर्यंत तालुकाभर होणार. नको म्हणावं तर ही सोयरीक लोंबकळणार. उकंडाजींच्या तोंडून निघून गेलं, "मी गोड सोडलं जी. रुपालीचं जमेस्तोवर."

म्हातारीनं पेढा खाली ठेवला आणि डोळ्याला पदर लावला. "पोरीसाठी बापानं गोड सोडलं," ती म्हणाली, "असा बाप पाह्यला नाही." कोणी आग्रह केला नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा वेगळा करून आणला, आणि वर यजमानच कौतुकानं पाहत राहिले. उकंडाजी चकितच झाले. इतकं सोपं होतं?

आपल्याकडे एखादी गोष्ट पुरी होईपर्यंत काही सोडणं म्हणजे दगडावरची रेघ. कोणी पान सोडतं, कोणी चप्पल सोडतं, आणि सोडणाऱ्याला कोणी मोहात पाडत नाही, तसं करणं पाप. उकंडाजींनी देवाचं नाव घेतलं नव्हतं, पण लोकांनी ते लावून घेतलं. एका गावात झालं, रंगनाथस्वामीला बोलले. दुसऱ्या गावात झालं, माहूरच्या रेणुकेला नवस केला. भागीरथाबाईच्या कानावर आलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "देवाच्या नावानं लबाडी?" हे म्हणाले, "मी कुठं देवाचं नाव घेतलं? लोकच म्हणून राह्यले." आणि खोटं कसं म्हणणार, गोड तर खरंच सोडलं होतं.

शुगर खाली आली. केतकी मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी काढली आणि कागदावरून मान वर केली. "काका, केलं काय तुम्ही?" उकंडाजी म्हणाले, "काही नाही जी. खाणं मोजून, चालणं न मोजता." स्वारी खूश होती. पायाला मुंग्या कमी आल्यासारख्या वाटत होत्या, झोप लागत होती, आणि नवसाचा मध्यस्थ म्हणून सोयरिकीत शब्दाला वजन आलं ते वेगळंच.

आता इथं मेख आहे. उकंडाजींची ढाल होती ती पोरीचं लग्न न जमण्याची.

रुपालीला स्थळं येत होती. बापच या धंद्यातला, येणारच. पण प्रत्येक स्थळात उकंडाजींना काहीतरी दिसायचं. एकाचं घर रस्त्याच्या खाली, पावसात पाणी शिरतं. दुसऱ्याची आत्या तोंडाची फटकळ. तिसरा पोरगा सगळ्या बाजूंनी चांगला निघाला, तर म्हणाले, नाक बरोबर नाही. दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं चहाच्या दोन घोटांत जमवणारा माणूस स्वतःच्या पोरीसाठी नाकं मोजत बसला. रुपाली काही म्हणायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "बाबा, मले घाई नाही. तुम्ही टेन्शन नका घेऊ." ते तिनं इतक्या मायेनं म्हटलं, की उकंडाजींना त्या दिवशी पुलापर्यंत चालवलं नाही.

शेवटी भागीरथाबाईनं पकडलं. अंबाडी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "खरं सांगा. पोट्ट्याचं नाक पाहून राह्यले तुम्ही, का सोताचा पेढा?"

उकंडाजी भडकले. असे भडकले की बूट न घालताच अंगणापर्यंत गेले, मग आठवण झाली आणि परत आले. दारातच बसले. आपण काय करत होतो ते त्यांना तिनं म्हणेपर्यंत खरंच कळलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. पाय वाचवायला निघाला आणि पाय वाचवता वाचवता पोरीची वाट अडवून उभा राहिला. "मी असा कसा झालो," ते म्हणाले. भागीरथाबाई म्हणाली, "भेलेलं माणूस तसंच करते. आता हे स्थळ मी पाह्यलं हाय. तुम्ही निस्ते बसा."

स्थळ होतं राजूरचं. जीवन, खाणीत इलेक्ट्रिशियन. बाप लहानपणीच गेला. आई इंदुताई, हिनं खाणीतल्या कामगारांना डबे करून घालून पोराला वाढवलं. बाई कमी बोलणारी, पण डोळा तिखट. रुपाली आणि जीवन नदीवरच्या देवळात तासभर बोलत बसले आणि परतताना दोघांचे चेहरेच सांगत होते. उकंडाजींना काही खोट सापडली नाही. पोराचं नाकसुद्धा सरळ निघालं. एवढंच झालं, की हात धुवायला बाहेर गेल्यावर इंदुताईचे भाऊ, श्रीकृष्णमामा, नळापाशी आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुम्हाले तर रीत माहीत हाय उकंडाजी. घरात काही शुगर-बिगर?"

उकंडाजी हात चोळत राहिले. "नाही जी," ते म्हणाले. "तसं काही नाही."

साक्षगंधाचा दिवस आला. उकंडाजींच्या अंगणात मांडव, आणि मांडवात माणसं मावेनात. बोलावलेले तर आलेच, न बोलावलेलेही आले. कारण गावोगाव बातमी गेली होती, की आज उकंडाजीचा नवस फिटणार. ज्यांची ज्यांची लग्नं त्यांनी जमवली, ती जोडपी लेकरं कडेवर घेऊन आली होती, आणि प्रत्येकाच्या हातात मिठाईचा डबा. पेढे, बुंदीचे लाडू, सोनपापडी. स्टुलावर डब्यांची चळत लागली. कायरची ती म्हातारी तर सकाळपासून येऊन बसली होती. प्रत्येकाला आपल्या हातानं भरवायचं होतं. प्रेम होतं हो सगळं. उकंडाजींनी ती चळत वरपासून खालपर्यंत मोजली.

कुंकू लावण्याआधी कोणीतरी म्हणालं, पहिला पेढा इहीणबाईंनी द्यायचा, सोयरीक त्यांच्यापायी जमली. इंदुताई उठली. डबा उघडला, पेढा उचलला आणि उकंडाजींसमोर येऊन उभी राहिली.

एका पेढ्यानं कोणी मरत नाही, हे उकंडाजींना ठाऊक होतं. मॅडमनीही तसं सांगितलं होतं. हा खाल्ला तर लग्न पार पडेल, पोरगी सुखानं नांदेल, कोणाला काही कळणार नाही. मग म्हातारीचा, मग स्टुलावरचे सगळे. उद्यापासून पुन्हा घरोघरचे, आणि या वेळी म्हणायला काही नाही. ते असू द्या, त्यांनी मनाशी म्हटलं. पायाचं पुढचं पुढे पाहू. पोरीचं आज आहे. त्यांनी तोंड उघडलं.

आणि त्यांची नजर रुपालीवर गेली. ती पाटावर बसली होती, नवी साडी, हातभर बांगड्या. सगळं अंगण बापाच्या तोंडाकडे पाहत होतं. ती त्यांच्या पायांकडे पाहत होती.

उकंडाजींनी इंदुताईचा हात हळूच बाजूला केला.

"मले शुगर हाय," ते म्हणाले. "नवस काही नव्हता. रंगनाथाले बी बोललो नाही अन् रेणुकेले बी नाही. शुगर हाय म्हणून गोड सोडलं. पोरीची सोयरीक अडू नये म्हणून सांगतलं नाही."

मांडवात कुजबुज उठली. श्रीकृष्णमामा खुर्चीवरून उठले, चेहरा लाल. "मी इचारलं होतं तुम्हाले. नळापाशी. तोंडावर इचारलं होतं."

"हो जी. मी नाही म्हटलं. लबाड बोललो."

"मंग आता? पोरीले नसंल कशावरून?"

"मले नाही माहीत. तपासलं नाही तिचं." उकंडाजी एक पाऊल पुढे आले. "तुम्ही उठून जाल तर बरोबर हाय मामाजी. मी तुमच्या जागी असतो तर मी बी उठलो असतो. कितीक घरातून उठलो मी, याच कारणापायी. फक्त पोरीले बोल लावू नका. तिचा काही कसूर नाही."

"इंदू, चाल," मामा म्हणाले. "खोट्या घरात सोयरीक नाही करायची."

भागीरथाबाईनं खांब धरला. जीवन उभा राहिला आणि आईकडे पाहू लागला. इंदुताईच्या हातात पेढा तसाच होता. मग ती खाली, सतरंजीवर बसली, रुपालीच्या शेजारी.

"दादा, बस," ती म्हणाली. "आपल्या कुसुमताईचं लग्न जुळलं तवा बी असंच इचारलं होतं त्यांनी. तू होता ना बैठकीत. बाबानं काय सांगतलं?"

मामा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"तिले पोरपणापासून शुगर होती," इंदुताई भागीरथाबाईकडे पाहत सांगू लागली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. "मायी मोठी बहीण. लग्न मोडंल म्हणून आमच्या घरच्यांनी दाबलं. सासरी तिले सर्वांपुढं दवाई घेता ये ना. लपून घे, नाही तर नाही घे. पहिलं बाळंतपण आलं, अन् ती बी गेली अन् लेकरू बी गेलं. तिची सासू आमच्या दारात येऊन रडे. म्हणे, बाई, मले सांगतलं असतं तर मी तिले दवाखान्यातून हालू दिलं नसतं. मारून टाकली तुम्ही तिले, लाजेपायी." ती थांबली. "खरंच बोलली होती ती."

श्रीकृष्णमामा खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वयस्क माणूस, सर्वांसमोर डोळे पुसायची लाज वाटली असणार, म्हणून टोपीच झटकत राहिले.

इंदुताई उकंडाजींना म्हणाली, "लबाड बोलले ते वाईट केलं तुम्ही. पण लग्नाच्या आधी खरं बोलले. आमच्यानं तेवढं बी झालं नव्हतं." मग तिनं रुपालीची हनुवटी वर केली. "तू कधी तपासलं का वं?"

"नाही," रुपाली म्हणाली.

"शिकलेली पोरगी तू. काहून नाही?"

"भीती वाटते." इतके दिवस धरून ठेवलेलं रडू आता आलं. "निघाली तर बाबा सोताले दोष देतीन."

"मी बी नाही तपासलं," इंदुताई म्हणाली. "ताई गेल्यापासून कधीच नाही. दवाखान्याच्या दारातून वापस आली कितीकदा. उद्या आपण दोघी जाऊ."

भागीरथाबाई खांब सोडून पुढे आली. "रिकाम्या पोटी जा लागते इंदुताई," ती नाक ओढत म्हणाली. "चहा बी नाही."

उकंडाजी सतरंजीच्या कडेला बसून रडू लागले. बैठकीत रडणाऱ्या बापांना पाणी आणून देणारा माणूस, आज त्यालाच पाणी कोणी द्यावं हे कोणाला सुचत नव्हतं. त्यांनी इंदुताईसमोर हात जोडले. "तिले निघाली तर?" एवढंच त्यांना विचारता आलं.

"निघाली तर माहीत तरी राहीन," इंदुताई म्हणाली. "घरात अंबाडी लागते, वांगे लागते. मी शंभर माणसाचा सैपाक केला बापा, मले दोघींचा जड नाही."

तिनं हातातला पेढा डब्यात ठेवला, बोटं पदराला पुसली आणि कुंकवाचं ताट मागितलं.